नुसती शून्यं भरून भागणार नाही
लिनक्ससाठी फाइलसिस्टिम लिहिताना नव्या ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) जुना डेटा दिसण्याचा बग येतो. नवा ब्लॉक मिळाल्यावर राइट_बिगिनमध्ये (डेटा लिहिण्याआधी तयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये) उरलेला भाग शून्यांनी भरला की हा बग मिटला, हे म्हणणं निम्मंच खरं. फाइलमधल्या होलमध्ये (डिस्कवर अजून जागा न दिलेल्या भागात) १०० बाइट लिहिले आणि गेट_ब्लॉकने, म्हणजे फाइलचा भाग डिस्कवरच्या ब्लॉकशी जोडणाऱ्या फंक्शनने, बफरवर (ब्लॉकच्या मेमरीतल्या प्रतीवर) 'न्यू'ची, म्हणजे ब्लॉक नुकताच दिल्याची, खूण केली नाही, तर कर्नल तो ४०९६ बाइटचा ब्लॉक डिस्कवरून वाचतो. कुणाच्या तरी डिलीट केलेल्या फाइलचे अवशेष तुमच्या फाइलमध्ये. इथवर मेमसेट, म्हणजे शून्यं भरणं, पुरेल.

पण तोच ब्लॉक आधी मेटाडेटाचा (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींचा) असेल तर? ब्लॉक डिव्हाइसच्या कॅशमध्ये त्याचा जुना डर्टी (अजून डिस्कवर न लिहिलेला) बफर पडून असू शकतो आणि मागाहून तुमच्या नव्या डेटावर उतरतो. लिनक्समध्ये असा जुना बफर निकामी करायला क्लीन_बीडेव्ह_बीएच_एलियस हे फंक्शन आहे, पण या वाटेवर तेही 'न्यू' बघूनच चालतं. दुरुस्ती मॅपिंगमध्येच, म्हणजे गेट_ब्लॉकमध्ये 'न्यू'ची खूण करून, करा. मेमसेटच्या नादात माझे दोन आठवडे गेलेत.