आठ-नऊ महिने थाणावर उभी असलेली घोडी पुन्हा कामाला लावायची आहे, सल्ला हवा

गिरणाकाठ
आमची काठियावाडी घोडी, वय नऊ. घरातल्या आजारपणामुळे माघापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही. गडी पाण्यावर नेऊन आणायचा, तेवढीच हालचाल. कुठे दुखापत नाही. पोट सुटलंय, पाठीवरचं मांस उतरलंय, पण मोकळी सोडली की चौखूर उधळते. दसऱ्याला पूजा करून खोगीर बाहेर काढलं. काका म्हणतात, महिनाभर रपेट मारा, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत पळवू. मला धास्ती वाटते. कुणी असा घोडा परत तयार केला आहे का?

नमदा
ताई, तुमची धास्ती रास्त आहे. घोड्याचा दम आणि मांस काही आठवड्यांत परत येतं. पायाच्या नसा (म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे कंडरे) आणि हाडं मात्र सावकाश घट्ट होतात, त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात घोडी अगदी तयार वाटते, आणि नेमकी तेव्हाच पळवली की पुढच्या पायाची नस जाते. ती गेली की वर्ष गेलं.

पहिले चार आठवडे फक्त चाल. वीस मिनिटांपासून सुरू करा, सुरुवातीला हातात धरूनच, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत तासापर्यंत न्या. रमतगमत नाही, मान खाली घालून झपाझप चालली पाहिजे. मग दुडकी, एकेक-दोन दोन मिनिटांची, मध्ये चाल, तीही सरळ सपाट रस्त्यावर. चौखूर तिसऱ्या महिन्यात. एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वेळ तरी नाहीतर वेग तरी. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दोरीवर गोल फिरवण्याचा मोह टाळा, सांध्यांवर फार ताण येतो.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी चारही पायांच्या नळ्यांच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडांच्या) मागून हात फिरवा. दोन्ही मागचे पाय सारखेच फुगलेले असतील आणि चालल्यावर उतरत असतील, तर बहुधा उभं राहून आलेली सूज असते. एकाच पायाला ऊब किंवा फुगवटा लागला तर त्या दिवशी काम बंद आणि डॉक्टरांना फोन.

पशुवैद्य_सातारा
वरच्या वेळापत्रकाशी सहमत. पण त्याच्याही आधी रक्त तपासून घ्या. पावसाळ्यात गोमाश्या फार असतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग पसरतो. अधूनमधून ताप, पोटाखाली किंवा पायांना सूज, खाऊनही अंग न धरणं ही त्याची लक्षणं. मालकाला वाटतं घोडी बसून ढिली झाली आहे, आणि तो काम वाढवत जातो. उपचार आहे, पण वेळेवर हवा. त्याच भेटीत दात पाहून घ्या, जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस राहिली असेल तर तीही उरकून टाका.

जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून ठोके मोजायला शिका. निवांत घोड्याचे मिनिटाला साधारण 28 ते 44. काम थांबवून दहा मिनिटांनी 60 च्या आसपास उतरले नाहीत, तर त्या दिवशीचं काम तिला जड गेलं.

लाल_माती
माथेरानहून लिहितोय. 2020 च्या टाळेबंदीत इथले घोडे महिनोन् महिने उभे होते, त्यामुळे हा विषय आमच्या घरचा आहे. खुरांकडे आधी बघा. पावसात उभ्या राहिलेल्या घोड्याच्या तळव्यात, बेडकीच्या (मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या) खाचेत काळा वास मारणारा चिखल साठतो. ती सड बरी झाल्याशिवाय नाल ठोकू नका. नालबंदाला आधी खूर नीट कापायला लावा आणि पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. पाठीचं मांस उतरलंय म्हणता, तर जुनं खोगीर आता मणक्यावर टेकेल. खाली जाड नमदा (लोकरीची गादी) टाका आणि बसणारा हलका ठेवा. तंगाखालची (खोगिराच्या पोटपट्ट्याखालची) कातडी मऊ झालेली असते, रोज उतरल्यावर तिथे हात फिरवून बघा.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार, रक्ताचं उद्याच बघते. दोन शंका. नदीच्या वाळूत चालवलं तर पाय लवकर मजबूत होतात असं आमच्याकडे म्हणतात. आणि चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आत्तापासूनच वाढवू का?

नमदा
वाळू नको. खोल वाळूत पाय रुततो आणि नसेवरच ओढ बसते. ओली काळी मातीही नको. गावाबाहेरचा घट्ट मातीचा रस्ता उत्तम, आणि महिन्याभरानंतर हलका चढ.

पशुवैद्य_सातारा
चंदी कामाच्या मागे चालू द्या, पुढे नको. पहिला महिना कोरडा कडबा, गवत आणि मीठ पुरे, चाल एवढ्यानेच निभावते. नंतर भिजवलेला हरभरा किंवा जव दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा वाढवा. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी. भरपूर दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी कामावर काढलं की मागचा भाग लाकडासारखा ताठरतो, घाम फुटतो, लघवी चहासारखी गडद होते. असं दिसलं तर पाऊलभरही चालवू नका, जागेवर पाणी द्या आणि डॉक्टरांना तिथेच बोलवा.

लाल_माती
दसरा ते दत्तजयंती जेमतेम दोन महिने. काकांना सांगा, यंदा सारंगखेड्याला आपण जाऊ, घोडी घरी राहील. माघापर्यंत ती चौखुरात रुळली की पुढच्या वर्षीचं बोलू. रक्ताचा निकाल आला की इथे टाका.