मोल्सवर्थच्या एका रेकॉर्डला सगळ्या आवृत्त्या टांगल्यात, तोडायचं कसं?

जुनीपानं:
मंडळी, जरा मदत करा. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत डीस्पेस (डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे आणि त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चढवलाय, रेकॉर्ड एकच पण त्याला फायली भरमसाठ. १८३१ ची पहिली आवृत्ती, मग १८५७ ची सुधारून वाढवलेली दुसरी, तिचे परत दोन स्कॅन (एक जुना काळा-पांढरा, कडेची अक्षरं कापलेली, आणि एक नवीन रंगीत), १९७५ चं पुण्याचं पुनर्मुद्रण, आणि बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये केलेला संक्षेप पण त्यातच कोंबलाय. कहर म्हणजे तारखेच्या रकान्यात २०१४, म्हणजे स्कॅन केलं ते साल!! एमएची मुलं प्रबंधात चक्क ‘मोल्सवर्थ, २०१४’ असा संदर्भ देतात. आता हे एकच ठेवून वर्णनात सगळं सविस्तर लिहू का प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्ड करू? वेगळं केलं तर सर्चमध्ये एकसारखी नावं एकाखाली एक दिसणार आणि आमचे सर म्हणणार डुप्लिकेट झाले, काढून टाका.

तीनबायपाच:
वेगळं करा, पण फायली मोजून नाही. मजकूर बदललाय का फक्त फाईल बदललीये एवढंच बघायचं. १८३१ आणि १८५७ चा मजकूरच वेगळा आहे, दुसरीत मोल्सवर्थ आणि त्याचे सहकारी कँडीबंधू यांच्या पहिल्या कामावर बरीच भर पडलीये, त्यामुळे दोन रेकॉर्ड, वादच नाही. पण १८५७ चे तुमचे दोन स्कॅन म्हणजे तेच पुस्तक दोनदा फोटो काढलेलं, ते एकाच रेकॉर्डमध्ये दोन फायली म्हणून राहू देत, रंगीत असेल ती प्रायमरी करा आणि दुसरीच्या फाईल-वर्णनात ‘जुना स्कॅन, कडा कापलेल्या’ असं स्पष्ट लिहा.
डब्लिन कोअरवाल्यांनी (रेकॉर्डमध्ये कुठले रकाने असावेत याचं प्रमाण ठरवणाऱ्यांनी) हे आधीच सोडवून ठेवलंय. त्यांच्याकडे ‘इज व्हर्जन ऑफ’ आणि ‘इज फॉरमॅट ऑफ’ अशी दोन वेगळी नाती आहेत, पहिलं आशयात खरोखर फरक असेल तेव्हाच वापरायचं, आशय तोच आणि रूप तेवढं वेगळं असेल तर दुसरं. लोक सरसकट पहिलंच ठोकतात आणि मग सगळं एकमेकांचं व्हर्जन होऊन बसतं.
तारखेचं म्हणाल तर ‘डेट इश्यूड’ (प्रकाशनाची तारीख) मध्ये १८५७ च. डीस्पेस चढवल्याची तारीख आपोआप वेगळी ठेवतं, स्कॅन केल्याची तारीख फाईलच्या वर्णनात टाका, तिला वर आणायची गरज नाही.

शिळाप्रेस:
वरच्यांशी सहमत, पण पदमनजींच्या संक्षेपाचं काय ते कोणी बोललंच नाही, खरी गंमत तिथंच आहे. इफ्लाच्या (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) १९९८ च्या एफआरबीआर या तालिकीकरणावरच्या अहवालात संक्षेप हा त्याच कृतीचा आविष्कार मानलाय, नवीन कृती नाही. म्हणजे कागदोपत्री तोही मोल्सवर्थच. मला स्वतःला हे कोशाच्या बाबतीत पटत नाही, कुठले शब्द ठेवायचे कुठले गाळायचे हे पदमनजींनी ठरवलं, आणि वाचक शोधताना त्यांच्याच नावाने शोधतो. मी तर वेगळं रेकॉर्ड करून लेखक म्हणून पदमनजी टाकीन, मोल्सवर्थ सहकर्त्यात आणि नात्यात दुवा १८५७ कडे.
१९७५ चं पण तपासून घ्या. नुसतं फोटो काढून छापलेलं असतं तर टिपेत भागलं असतं, पण ते ‘करेक्टेड रिप्रिंट’ आहे, दुरुस्त्या केल्यात, शिवाय प्रकाशक वेगळा. मार्क या ग्रंथालयांच्या नोंद-पद्धतीत ००८ क्रमांकाच्या रकान्यात तारखेचा प्रकार ‘आर’ देऊन दोन्ही सालं टाकता येतात, आधी पुनर्मुद्रणाचं मग मूळचं. डीस्पेसमध्ये ती सोय नाही, तिथं साल १९७५ आणि मूळ आवृत्ती टिपेत. आणि हक्कांचा रकाना!! १८५७ खुलं आहे, १९७५ मध्ये नव्याने काही लिहिलं असेल तर त्या भागाचा हक्क निराळा. एका रेकॉर्डमध्ये हे दोन्ही सांगता येत नाही, सरांना पटवायला हे एवढं कारण बस्स आहे.

तीनबायपाच:
@शिळाप्रेस संक्षेपाचं मान्य नाही. तुमच्या न्यायाने मग प्रत्येक संपादकाला लेखक करावं लागेल. पण वेगळं रेकॉर्ड तर दोघांच्याही मते होणारच आहे, लेखकाच्या रकान्यात दोघांची नावं टाका आणि पुढे चला, शोधणाऱ्याला सापडल्याशी मतलब.

हार्वेस्टर:
उशिरा आलो. दोन गोष्टी राहिल्यात.
एक, नाती नुसती हँडल (रेकॉर्डचा कायमचा पत्ता) टाकून देऊ नका. बाहेरचे लोक ओएआयने (नोंदी आपोआप गोळा करायची पद्धत) तुमचा डेटा ओढतात तेव्हा तो साध्या डब्लिन कोअरमध्ये जातो, तिथं मूलघटक १५ च, पोटभेद गळून पडतात, म्हणजे ‘इज व्हर्जन ऑफ’ चं नुसतं ‘रिलेशन’ उरतं आणि समोरच्याला कळत नाही हे काय आहे. म्हणून वाचता येईल असं लिहा, ‘पहिली आवृत्ती, १८३१’ आणि पुढे हँडल. तसंच शीर्षकातच ‘दुसरी आवृत्ती, १८५७’ जोडा, शास्त्राला धरून नसेल पण सर्चमध्ये एकसारखी नावं दिसायचा तुमचा प्रश्न तिथंच मिटतो.
दोन, डीस्पेसमध्ये व्हर्जनिंगचं बटण दिसेल, त्याला भुलू नका. ते एकाच वस्तूची दुरुस्त केलेली नोंद किंवा फाईल टाकायला आहे. १८३१ वर १८५७ ला ‘नवीन व्हर्जन’ म्हणून चढवलं तर पहिली आवृत्ती इतिहासात ढकलली जाते आणि सर्चमधून गायब होते. एका ठिकाणी नियतकालिकाच्या अंकांचं असंच करून ठेवलेलं पाहिलंय, बघवत नव्हतं.

जुनीपानं:
भारी! म्हणजे चार रेकॉर्ड. एकच शेवटची शंका, १८५७ चं टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करायला घेतलंय, देवनागरी बरं येतं पण देवनागरी-रोमन एकत्र असल्याने चुका खूप. ती टेक्स्ट फाईल पाचवं रेकॉर्ड का?

हार्वेस्टर:
नाही, चुकांसकट आहे तोवर ती त्याच रेकॉर्डमधली फाईल, वर्णनात ‘न तपासलेलं ओसीआर’ लिहा. उद्या कोणी शब्द शब्द तपासून, नोंदी सुट्या करून शोधता येईल असा डेटा केला, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर याच १८५७ च्या आवृत्तीचा आहे तसा, तर त्याला स्वतःचं रेकॉर्ड द्या, करणाऱ्याचं नाव आणि साल त्याचं, आणि मूळ म्हणून दुवा १८५७ कडे.

शिळाप्रेस:
आणि ते २०१४ आज संध्याकाळीच बदला हो, बाकीचं सावकाश करा.