सरकारने पोटाची हमी द्यावी की नाही? (‘सांवेर रोड’ यांच्या टिपणाला उत्तर)

रामबागकर

‘सांवेर रोड’ यांनी काल या गटात असे लिहिले की काम, अन्न, औषधपाणी आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन यांची हमी देणे हे सरकारचे कामच नाही. सरकारने रस्ते, पोलीस आणि न्यायालये सांभाळावीत, बाकी ज्याचे त्याने पाहावे, कारण हमी मिळाली की माणूस हातपाय हलवायचा थांबतो आणि त्याचा भार करदात्यावर पडतो, असा त्यांचा मुद्दा होता. त्याखाली इतक्या जणांनी ‘अगदी बरोबर’ असे लिहिले की मला गप्प बसवेना.

आपण इंदूरचे लोक आहोत. मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या आजोबांची पाळी ठरत असे, अशी घरे या गटात थोडीथोडकी नाहीत. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली तेव्हा जवळजवळ सहा हजार कामगार रस्त्यावर आले, ते काही आळशी होते म्हणून नव्हे. ज्यांनी उभा जन्म साच्यांवर काढला, त्यांना ‘ज्याचे त्याने पाहावे’ असे सांगणे मला माणुसकीला धरून वाटत नाही.

दुसरे असे की सरकारने पैसे वाटणे आणि सरकारने हमी देणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य प्रदेशात बायकांच्या खात्यात पैसे टाकणारी लाडली बहना योजना २०२३ साली महिना १,००० रुपयांनी सुरू झाली आणि त्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, १,२५० झाली. रक्कम किती, ती कोणाला आणि कधीपर्यंत, हे सारे सरकारच्या मर्जीवर आहे. उद्या एखाद्या बाईचे नाव यादीतून गेले, तर तिने कोणत्या कायद्याचे कलम दाखवायचे? उलट महाराष्ट्राची रोजगार हमी पाहा. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. त्यासाठीचा पैसाही कर्ज काढून आणला नाही. शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला आणि राज्याने तेवढीच भर घातली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे रणरणत्या उन्हात खडी फोडत होती. हमीने माणूस आळशी होतो हे त्यांच्यासमोर उभे राहून कोणी म्हणू शकले असते का?

सांवेर रोड

रामबागकर, आपण भावनेने लिहिता, मी हिशेबाने लिहितो. माझ्या वडिलांनी उधारीवर घेतलेल्या एका लेथवर कारखाना सुरू केला. त्यांना कोणी हमी दिली नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच ते रात्री बारापर्यंत उभे राहिले असे मी आजही मानतो. आज माझ्याकडे काम आहे आणि हंगामात माणसे मिळत नाहीत. ही वस्तुस्थिती सांगितली की लगेच माणुसकीचा दाखला मागितला जातो, याचा मला मनापासून राग येतो.

राज्यघटनाकारांना हा प्रश्न पडला नव्हता असे समजू नका. राज्याने धोरण ठरवताना पाळायच्या मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४१ मध्ये, कामाचा, शिक्षणाचा आणि बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण ‘राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे त्याच वाक्यात म्हटले आहे, आणि कलम ३७ म्हणते की ही तत्त्वे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत. एवढी विद्वान माणसे बसून हे शब्द घालतात ते उगीच नव्हे. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ११ जानेवारी १९४४ च्या भाषणात काम, घर, वैद्यकीय सेवा, शिक्षण आणि वार्धक्यातील सुरक्षितता यांचे ‘दुसरे अधिकारपत्र’ मांडले. ते त्यांच्या राज्यघटनेत आजतागायत आलेले नाही, म्हणून तो देश काही बुडाला नाही.

आणि हुकुमचंद मिलचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले. कामगारांच्या देण्याला तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान देणारी दुरुस्ती कंपनी कायद्यात १९८५ सालीच झाली होती, म्हणजे मिल बंद पडण्याच्याही आधी. हक्क होता, न्यायालय होते, आदेश होते. जमीन कोणाची या वादात ते सारे अडकले आणि २२४ कोटी रुपये वाटपासाठी मोकळे झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षे! अनेक कामगार वाट पाहतच गेले. कागदावरची हमी ही गरिबाची फसवणूक असते, आणि ती करणाऱ्यांत मला सामील व्हायचे नाही.

नंदानगर

आपण दोघे दुष्काळ आणि अमेरिका यांच्याविषयी बोलता आहात. हमी मिळून काय झाले ते मला विचारा. मी एका खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. ईपीएस ९५ ही सरकारनेच कायद्याने चालवलेली निवृत्तिवेतन योजना आहे. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के दरमहा तिच्यात जातात, पण पगार कितीही असला तरी तो आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० एवढाच धरायचा. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पस्तीस वर्षे राबलेल्या माणसालाही आजच्या मर्यादेने ७,५०० च्या आसपासच पडतात. किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० ठरले. त्यावर महागाई भत्ता नाही. माझे स्वतःचे निवृत्तिवेतन अडीच हजारांच्या आत आहे आणि माझ्या रक्तदाबाच्या व सौभाग्यवतींच्या साखरेच्या गोळ्यांतच ते संपते.

‘हातपाय हलवायचा थांबतो’ हे वाक्य मी दोनदा वाचले. माझे हातपाय कारखान्यात झिजले आहेत, साहेब.

निवृत्त शिक्षिका

नंदानगरचे काका म्हणतात त्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. पण निवृत्तिवेतनाची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगते की ही मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजीच स्पष्ट केले आहे. निवृत्तिवेतन हा केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, मालकाच्या इच्छेवरची बक्षिसी नव्हे. आमच्या राज्यात १ जानेवारी २००५ नंतर सरकारी नोकरीला लागलेल्यांचे ठरलेल्या निवृत्तिवेतनाचे हे संरक्षण काढून घेतले गेले आणि त्यांचे म्हातारपण बाजाराच्या चढउतारावर सोडले गेले. माझ्यानंतर त्याच शाळेत आलेल्या मुलींना मी पाहते. काम तेच, फळा तोच, आणि साठीनंतरचे भवितव्य मात्र वेगळे. चर्चा व्हायला हवी ती या अन्यायाची. बाकी ज्यांना खासगी नोकरीत अधिक पगार होता, त्यांनी त्यातून थोडे बाजूला टाकायला हवे होते, असेही मला नम्रपणे वाटते.

नंदानगर

ताई, आपण शिक्षिका आहात म्हणून शब्द जपून वापरतो. अधिक पगार कोणाला होता? पाळीवर उभे राहणाऱ्या माणसाला? सांवेर रोडच्या आणि पिथमपूरच्या कारखान्यांत चौकशी करून या. आपल्याला निम्म्या पगाराएवढे निवृत्तिवेतन, त्यावर वाढत जाणारा महागाई भत्ता, आणि आम्हाला ‘बाजूला टाकायला हवे होते’ हा उपदेश! आपले निवृत्तिवेतन ज्या तिजोरीतून येते, तिच्यात माझ्या गोळ्यांवरचा कर आणि साबणावरचा करही असतो. कर फक्त आयकर भरणाराच भरतो हा ‘सांवेर रोड’ यांचाही गैरसमज आहे.

निवृत्त शिक्षिका

उपदेश करण्याचा हेतू नव्हता. पण माझे आहे ते कमी करून आपले वाढणार असेल, तर तो न्याय मला मान्य नाही. ज्याला संरक्षण आहे त्याच्याकडे बोट दाखवत राहिलो, तर उद्या कोणालाच संरक्षण उरणार नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलींना जुने निवृत्तिवेतन मिळावे या अर्जावर मी सह्या गोळा करते आहे, त्या काही दुसऱ्या कोणाच्या तोंडचा घास काढण्यासाठी नाहीत.

रात्रपाळी

वडीलधारी मंडळी निवृत्तिवेतनावर बोलत आहेत, आमच्याकडे तर तो विषयच नाही. मी घरोघरी जेवण पोहोचवतो. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून पाय मोडला. ज्या कंपनीचे डबे मी वाहत होतो तिने कळवले की मी त्यांचा कामगार नसून भागीदार आहे. प्लास्टर होते तोवर कमाई शून्य होती आणि गाडीचा हप्ता चालूच होता.

तरीही ‘सांवेर रोड’ काकांना एक गोष्ट सांगतो. माझे आईवडील खरगोनकडच्या गावात आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. घरी चूल पेटते याची खात्री होती म्हणूनच मी इंदूरला येऊन गाडीचे कर्ज काढण्याचे धाडस केले. त्या पाच किलोंनी मला आळशी केले नाही, घराबाहेर पडू दिले. आणि पाय मोडल्यावर मी पुन्हा गाडीवर बसलो ते दुखणे पुरते थांबण्याआधी, कारण तिथे मला कसलीच हमी नव्हती. राजस्थानने २०२३ साली आमच्यासारख्या, ॲपवरून काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला. आपल्याकडेही व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

बडोदेकर

माहेर इंदूरचे असल्याने या गटात आहे, म्हणून लिहिण्याचा अधिकार घेते. ‘राज्याला परवडत नाही’ हा युक्तिवाद आमच्या बडोद्यात फार जुना आहे आणि तो इथेच खोटा ठरला. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानाला लागू केले. ते पाहून गोखल्यांनी १९११ साली तसेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. खर्च झेपणार नाही आणि लोकांची तयारी नाही, हीच तेव्हाही सबब होती. एका संस्थानाला जे झेपले ते साम्राज्याला झेपत नव्हते! पुढे शिक्षण मूलभूत हक्क करणारी २००२ ची घटनादुरुस्ती, २००९ चा शिक्षणहक्क कायदा, आणि १ एप्रिल २०१० पासून अंमल. मधल्या शंभर वर्षांत ज्या मुली निरक्षर राहिल्या, त्यांत माझी आजी होती. सहीच्या जागी अंगठा उठवताना ती पदराने हात पुसत असे.

‘सांवेर रोड’ भाऊ, कलम ४५ मधले शिक्षणही याच मार्गदर्शक तत्त्वांत होते, न्यायालयात मागता न येणारे. ते तिथून मूलभूत हक्कांत आले. मग कलम ४१ तिथेच कायमचे का राहावे?

सांवेर रोड

बडोदेकर ताईंच्या मुद्द्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, हे नाइलाजाने लिहितो. शिक्षणाबाबत राज्याने फार उशीर केला. रात्रपाळीच्या मुलाविषयीही बोलतो. माझ्या कारखान्यात कामगार विम्यासाठी मी पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ भरतो, आणि मला तो कधी जुलूम वाटला नाही. कारखान्यात बोट कापले तर विमा आणि रस्त्यावर पाय मोडला तर काही नाही, हा भेद टिकणारा नाही. त्याच्या कंपनीनेही भरावे. माझ्याकडून वसूल होते, तर त्या मोठ्यांकडून का नको?

मात्र कामाच्या हमीला माझा विरोध कायम आहे. काम मागणीतून निर्माण होते, ठरावातून नव्हे. सरकार काम देते म्हणजे आज खड्डा खणायचा आणि उद्या बुजवायचा.

रामबागकर

पाझर तलाव, विहिरी आणि बांधबंदिस्ती ही त्या हमीतूनच झालेली कामे आहेत. १९९० नंतर महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा, चिकू, डाळिंब उभे राहिले त्यालाही तिचाच पैसा होता. वाईट कामेही झाली, खोटी हजेरीपत्रकेही भरली गेली, ते मी झाकत नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता लिहिलेला होता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि पुढे निदान निम्मा, आणि प्रत्यक्षात तो क्वचितच कोणाच्या हाती पडला. हुकुमचंदच्या बत्तीस वर्षांबद्दल आपण जे लिहिलेत त्याचे उत्तर मला यातच दिसते. हक्क लिहिला, पण तो बुडवणाऱ्याला काहीच भोगावे लागले नाही. आपल्या कारखान्याने विम्याची रक्कम थकवली तर आपल्याला व्याज आणि दंड भरावा लागतो ना? मग थकवणारे सरकार असेल, तर त्याला तोच नियम का नको? उशीर झालेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज आपोआप त्या कामगाराच्या खात्यात जमा झाले असते, तर तो जमिनीचा वाद बत्तीस वर्षे चालला असता असे आपल्याला वाटते का?

सांवेर रोड

नसता चालला. सरकारला दंड लावणारा कायदा मला चालेल, त्यावर मी सही करीन. पण हे मी सरकारवरच्या अविश्वासापोटी म्हणतो आहे, आपल्या हमीवरच्या प्रेमापोटी नव्हे, याची नोंद घ्यावी.

निवृत्त शिक्षिका

नंदानगरच्या काकांनी किमान निवृत्तिवेतन वाढवण्याचा आणि त्यावर महागाई भत्ता देण्याचा मसुदा लिहून द्यावा. आमच्या अर्जाबरोबर मी तोही फिरवीन. माझ्या निवृत्तिवेतनाचा उल्लेख मात्र त्यात नसावा.

नंदानगर

उल्लेख राहणार नाही. मसुदा रविवारी आणून देतो. आपण पलसीकर कॉलनीच्या बाजूला राहता की सुदामा नगरकडे, तेवढे कळवा. गुडघ्यांमुळे मला जिने चढवत नाहीत.