प्रतिसाद: रसाळगड-सुमारगड-महिपतगड, पुस्तक की सॅक?
वर कोणीतरी विचारलंय, रत्नागिरीतल्या खेडहून हे तीन गड करायचे तर पुस्तक कुठलं नि सॅक कुठली. अहो पुस्तकातल्या वाटा पावसाळ्यानंतर गवतात हरवतात, त्यापेक्षा सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा बघायला शिका, दर २० मीटर उंचीला काँटूर, म्हणजे समान उंचीची रेषा असते, रेषा एकमेकींना चिकटल्या की समोर कडा समजायचा, आणि सुमारगडाला गावातला वाटाड्या घ्याच, पैसे देताना घासाघीस नको. सॅक कुठलीही चालेल, पाणी मात्र ३ लिटर हवंच, मार्चमध्ये रसाळगडावरच्या झोलाईच्या देवळाबाहेर मी शर्ट अक्षरशः पिळून वाळत घातला होता! डिओ मारून जाऊ नका, आग्यामोहोळं असतात, वासाने माश्या चवताळतात. बिस्किटांची पाकिटं खाली आणा नि टाक्यात पाय बुडवू नका, तेच पाणी लोकं पितात.