'बोरिस गोदुनोव': रिम्स्की-कोर्साकोवने वाचवला की बिघडवला?

मंद्र_षड्ज: रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या, झार बोरिसवरच्या या ऑपेराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्याचा संगीतकार मित्र रिम्स्की-कोर्साकोवने हात फिरवला म्हणून तर टिकला." मला हे साफ अमान्य. मुसोर्गस्की 1881 मध्ये गेला, अवघ्या 42 व्या वर्षी. 1896 मध्ये या मित्राने त्याच्या स्वरसंगती 'सुधारल्या', वाद्यवृंद चकचकीत केला, बरेच तुकडे कापले. सगळ्यात मोठा घोळ शेवटाचा. मुसोर्गस्कीने 1872 मध्ये बोरिसच्या मृत्यूनंतर क्रोमीच्या जंगलातलं बंड ठेवलं होतं. गर्दी तोतया दिमित्रीच्या, म्हणजे स्वतःला मेलेला राजपुत्र म्हणवणाऱ्याच्या, मागे निघून जाते आणि उरतो एकटा युरोदिवी, वेडगळ साधू, रशियाच्या नावाने रडत. रिम्स्कीने प्रवेश उलटसुलट करून पडदा झारच्या मृत्यूवर पाडला. रयतेचं नाटक राजाचं करून टाकलं.

तिसरी_घंटा: काहीही! 1874 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात आलेला हा ऑपेरा 1882 मध्ये तिथून उतरला. 1908 मध्ये द्यागिलेव या रशियन निर्मात्याने पॅरिसला नेला, खर्जातला गायक शाल्यापिनने बोरिस गायला आणि जग वेडं झालं. तो कुणाच्या संस्करणात? रिम्स्कीच्याच. वर या माणसाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की पुढे मूळच सरस ठरलं तर माझं बाजूला टाका आणि मूळ करा. याहून प्रामाणिक संपादक कुठे मिळणार?

मंद्र_षड्ज: ते 'पुढे' यायला 1928 चं लेनिनग्राड उजाडलं, तेव्हा कुठे मूळ रूप रंगमंचावर आलं, त्याचं काय? राज्याभिषेकाच्या घंटा ऐका. दोनच स्वरसंघ, एकमेकांपासून सा आणि तीव्र मध्यम इतक्या अंतरावर, नुसते हेलकावे खातात, ठहराव कुठेच नाही. नव्या झारच्या मनातली धास्ती तिथेच कळते. पॅरिसच्या प्रयोगासाठी रिम्स्कीने त्याच प्रवेशात आणखी भर घातली, थाट वाढावा म्हणून!

उगाच_एक_शंका: मूळ मूळ म्हणताय ते कुठलं? 1869 चं की 1872 चं? पहिल्यात सातच प्रवेश. पोलंडचा अंक नाही, त्यातली पोलिश सरदारकन्या मारीना नाही, क्रोमीही नाही. स्त्रीची मोठी भूमिका नाही म्हणून शाही नाट्यगृहांनी नाकारलं, तेव्हा दुसरं रचलं. आणि 1869 चा शेवट बोरिसच्या मृत्यूवरच होतो! म्हणजे ती कल्पना खुद्द मुसोर्गस्कीची. रिम्स्कीला एकट्याला कशाला धोपटता?

मंद्र_षड्ज: मुद्दा चांगलाय, पण अर्धा. 1869 च्या रूपात मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चसमोर युरोदिवी झारला तोंडावर सुनावतो, हेरोद राजासाठी (बायबलमधला बालहत्यारा) प्रार्थना करणार नाही म्हणून. त्यानंतर येणारा मृत्यू वेगळाच वाजतो.

जुनी_बखर: बिचाऱ्या बोरिसची बाजू कुणी घेणार का? 1591 मध्ये उग्लिच गावी राजपुत्र दिमित्री मेला, तो अपघात असं तेव्हाच्या चौकशीने सांगितलं. इतिहासकार करमझीनने बोरिसला त्याचा खुनी ठरवलं, कवी पुश्किनने आपल्या नाटकात तेच उचललं आणि मुसोर्गस्कीने पुश्किनकडून.

तिसरी_घंटा: बखरकार, त्याचा वेगळा धागा काढा. मंद्र, 1871-72 च्या सुमारास हे दोघे एकाच खोलीत राहायचे. सकाळी पियानो मुसोर्गस्कीचा, दुपारी तो कचेरीत गेला की रिम्स्कीचा. बोरिसचं दुसरं रूप तिथेच घडत होतं. इतक्या जवळून ते ऐकलेल्या माणसाला तुम्ही परका कसा ठरवता?

मंद्र_षड्ज: परका नाही म्हणत, मास्तर म्हणतोय. त्याच काळात तो कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकवायला लागला होता, आणि मित्राच्या वहीवरही त्याची लाल शाई थांबली नाही.

उगाच_एक_शंका: भांडण्याआधी वाद्यवृंद-संचालक गेर्गिएवने ध्वनिमुद्रित केलेली 1869 आणि 1872 ही दोन्ही रूपं ऐका. मग शाल्यापिनच्या जुन्या तबकड्या लावा. मला अजून ठरवता आलेलं नाही.