जुने गोवे पाहाल, तर फेरीबोटीने पुढेही जा

एका दिवसाच्या गाइडसह सहलीत जुने गोवे, मंगेशी आणि पणजीची जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती फोंतेन्यास झालं की गोवा पाहून होतो, असं तुम्ही लिहिलंय. मी डिचोलीचा, म्हणून थोडी भर घालतो.

जुन्या गोव्यात बहुतेक बसगाड्या बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल ही चर्चेस दाखवून वळतात. तिथून चालत व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरा. वास्को द गामाच्या पणतूने बांधलेली ही कमान, आणि समोरच मांडवीचा धक्का. फेरीबोट काही मिनिटांत दिवाडी बेटावर सोडते. तिथली खाजन शेती जरूर बघा. खारं पाणी अडवणारे मातीचे बांध आणि भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारी मानस, म्हणजे पाण्याची दारं, ही गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली विद्या आहे. गाइडने इथे दहा मिनिटं तरी थांबायलाच हवं.

गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळ याच बेटावरचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. मराठी माणसांच्या सहलीत नार्वे नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग समुद्रकाठासाठी वेळ उरत नाही, हे खरं. माझं मत विचाराल तर दोना पावला वगळा. मंगेशीला सकाळी लवकर जा, दुपारी नार्वे करा आणि संध्याकाळी फोंतेन्यासमधून पायी फिरा.