वर्षाचा लेखन-ताळेबंद : शब्द मोजून कथा होते का?

कच्चा_खर्डा
परवा एका कथाकाराने इथे वर्षाचा ताळेबंद टाकला. 'संकल्प १,२०,००० शब्द, प्रत्यक्षात १,३१,४००. कथा १२ पैकी ११. कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण. एकही दिवस खंड नाही.' खाली रंगीत तक्ता. दोनदा वाचला. अख्ख्या तक्त्यात एकाही पात्राचं नाव नाही!

माझा ताळेबंद ऐका. जानेवारीत ठरवलं, कादंबरी संपवायची. ऑगस्टमध्ये लक्षात आलं की गोष्ट मुलाने सांगून चालणार नाही, ती त्याच्या वहिनीची आहे. नव्वद पानं गेली. आज हातात चाळीस पानं आहेत, पण ती जिवंत आहेत. हे कुठल्या रकान्यात लिहू? उणे नव्वद? वर्षभरात माझ्याकडून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे, आणि या हिशोबात मी नापास.

रकानेवाला
तो 'एक कथाकार' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. ४७ कादंबऱ्या झाल्या. मीही नोकरी करतो. 'जिवंत पानां'ची वाट बघत बसायला मला सवड नाही.

कच्चा_खर्डा
आला का ट्रोलप! त्याचं आत्मचरित्र तो गेल्यावर १८८३ मध्ये छापून आलं आणि हे घड्याळ-प्रकरण वाचूनच कित्येकांच्या मनातून तो उतरला, तेही सांगा की. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरने १८५१ मध्ये लिहायला घेतलेली 'मादाम बोव्हारी' १८५६ मध्ये हातावेगळी केली. तुमच्या तक्त्यात तो बिचारा पाच वर्षं लाल रंगात.

शब्दवेल्हाळ
मूळ वाद चालू द्या, मला वेगळंच खुपतंय. हे १,३१,४०० मोजले कसे? 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत सहा होतील. तरी आपली मंडळी 'नॅनोरायमो' या महिन्याभरात कादंबरी लिहिण्याच्या अमेरिकी उपक्रमाचा आकडा जसाच्या तसा उचलतात. १९९९ मध्ये सुरू झालेलं ते खूळ : ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज १,६६७. मराठीत तेवढे लिहायचे तर मजकूर बराच जास्त होतो. मग दहाव्या दिवशी दम लागला की म्हणायचं, 'माझ्यात शिस्त नाही.' अक्षरं मोजा, नाहीतर पानं मोजा.

जुना_फॉन्ट
अक्षरं मोजा म्हणे! युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या माझ्या सतरा कथा आज उघडल्या की नुसत्या ठिपक्या-कंसांची रांगोळी दिसते. माझा गेल्या तीन वर्षांचा संकल्प एकच : त्या पुन्हा टंकणे. झाल्या चार. त्या मोजायच्या का नाही? नव्या नाहीत, जुन्याही राहिल्या नाहीत, कारण टंकताना शेवट बदलतोय.

शब्दवेल्हाळ
आणि एक, रकानेवाले. तुमच्या मागच्या कथेत 'त्या मुळे', 'घरा मध्ये', 'तिच्या साठी' असं सगळं तोडून लिहिलंय. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे शाळेत शिकवतात. तुमचा आकडा फुगलाय तो या मोकळ्या जागांनी.

रकानेवाला
हद्द झाली. अकरा कथा लिहिल्या, एकीवर तरी अवाक्षर काढलंत? मी हिशोबात लबाडी करतो म्हणायचंय का तुम्हाला?

शब्दवेल्हाळ
लबाडी नाही म्हटलं. शुद्धलेखन म्हटलं. तुम्हाला ते जास्त लागलेलं दिसतंय.

पैलतीर
जरा थांबा दोघंही.

गेल्या वर्षी माझा संकल्प रोज पाचशे शब्दांचा होता. ११ जानेवारीला वडिलांना दवाखान्यात हलवलं. साखळी तुटली. पुढे ते बरे होऊन घरी आले, तरी मी डिसेंबरपर्यंत एक ओळ लिहिली नाही. वेळ होता. लाज वाटत होती, बस्स. माझ्या तक्त्यातली पहिली रिकामी चौकट बघवत नव्हती.

यंदा ठरवलं, रोज फाइल फक्त उघडायची. एक स्वल्पविराम बदलला तरी चालेल. सहा कथा झाल्या. म्हणून रकानेवाल्यांनी मोजावं, खुशाल मोजावं, पण 'एकही दिवस खंड नाही' हे मिरवू नये. ते वाचून कोणीतरी माझ्यासारखं बसतं.

आणि 'छापून येणं' हा संकल्प कृपा करून कोणी धरू नका. एका संपादकांकडे माझी कथा चौदा महिने पडून आहे. होय नाही, नाही नाही. आपल्या हातात पाठवणं. मी वीसदा पाठवायचं ठरवलं होतं, तेरादा पाठवलं.

रकानेवाला
खंडाचं मान्य. ते वाक्य काढतो. खरं सांगायचं तर त्यातले चाळीसेक दिवस मी झोपायच्या आधी दोन ओळी खरडून खूण केली होती.

आणि वेल्हाळसाहेब, तुमच्या समाधानासाठी काल रात्री बसून सगळे 'मुळे', 'मध्ये', 'साठी' जोडले. १,२४,९०० भरले. साडेसहा हजार शब्द तुमच्या चरणी अर्पण. संकल्प तरीही पुरा होतोय, एवढं बघून घ्या.

शब्दवेल्हाळ
पोचले. 'पर्यंत' राहिलेत.

कच्चा_खर्डा
पैलतीर, तुमचं पटलं. तुम्ही फाइल उघडली म्हणताय, मी ऑगस्टनंतर तीन आठवडे उघडलीच नव्हती. नव्वद पानं फेकल्याचा जो रुबाब वर केलाय, त्यात थोडी भीतीही होती. असो.

रकानेवाले, तो तक्ता रिकामा करून पाठवा. वापरीनच असं नाही. आणि वापरला तर 'फेकलेली पानं' असा एक रकाना मी वाढवणार आहे.

रकानेवाला
पाठवला. तो रकाना आधीपासून आहे, सगळ्यात शेवटी. तुम्ही उजवीकडे सरकवून पाहिलंच नाहीत. यंदा ४६,२०० शब्द फेकले.

शब्दवेल्हाळ
तोडून मोजलेत की जोडून?